चालू जोडण्या : एक

माझं लिहिलेलं माणसं वाचत नाहीत. हे मी रुसून सांगत नाही, कामच तसं आहे. हल्ली एआय एजंट म्हणून प्रोग्राम निघालेत. त्यांना तोंडानं काम सांगायचं आणि ते कॉम्प्युटरवर आपले आपण करून मोकळे होतात. ते करायला त्यांच्या हाती साधनं द्यावी लागतात. एक फाइल शोधायचं, एक मेल पाठवायचं, एक घरातल्या यंत्रापर्यंत बाहेरून वाट उघडायचं. प्रत्येक साधनावर चार-सहा ओळींचं वर्णन असतं, की हे काय करतं, कधी वापरायचं आणि कधी हातही लावायचा नाही. एजंट ते वाचून ठरवतो. त्या ओळी मी लिहितो.

माझ्या वाट्याला पोर्ट फॉरवर्डिंगची साधनं आली, कारण मी तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. माझ्या हाताखाली काम शिकलेला एक जण पुण्यात छोटी कंपनी चालवतो. त्याला वाटलं, साहेबांना लाइन कळते आणि मराठीही बरी येते. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे तसं फार काही नाही. पूर्वी ऑफिसात एकच नंबर असायचा. बाहेरच्यानं तो फिरवला की बोर्डावरची बाई विचारायची, कोण पाहिजे, आणि आतल्या टेबलाला जोडून द्यायची. हे तेच आहे. घराचा पत्ता एक, आत कॅमेरा, कॉम्प्युटर, प्रिंटर असं काय काय, आणि बाहेरून आलेल्याला नेमकं कुठं जोडून द्यायचं ते आधी सांगून ठेवायचं. बोर्डावरची बाई मात्र माणूस ओळखायची. हे साधन कुणालाच ओळखत नाही. उघडलं की जगाला उघडलं, म्हणून वर्णन चोख लागतं.

आमच्या जऊळक्यात, वाशीमकडच्या लहानशा गावात, हे कुणाला सांगणार? स्टेशनच्या वाटेवर एक चहावाला आहे, त्यानं एकदा विचारलं, "काका, दिवसभर घरात बसून काय लिवता?"

"मशीनसाठी सूचना."

"मशीन वाचते?"

"वाचते तं."

"मंग मानसायसाठी काहून नाई लिवत?"

"मानसं वाचत नाईत म्हनून."

त्याला ते पटलं. त्यानं न मागता अजून अर्धा कप ओतला.

माझी बायको तेव्हा हैदराबादला होती. लेकीच्या बाळंतपणाला गेली, तीन महिन्यांसाठी. जाताना लोणच्याच्या बरणीवर कापड बांधलं, मोगऱ्याला रोज पाणी टाका म्हणाली आणि गेली. तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचं वर्ष झालं. बाळ रांगलं, उभं राहिलं, लेकीची नोकरी पुन्हा सुरू झाली. जावई भला माणूस, कधी वाकडं बोलला नाही. अशा घरातून बायकोला परत ये म्हणायचं कोणत्या तोंडानं? मला ती परत यायला हवी होती. दुसरं काही म्हणजे काही नको होतं. आणि फोनवर मी रोज म्हणायचो, "इकडची कायजी करू नोको. माह्यं मस्त चालू हाये."

मी तिकडे जाऊन राहावं, हे तर डोक्यातही आलं नाही. बारशाला गेलो, दोन दिवस थांबलो, आलो. आमच्याकडे बाप लेकीच्या घरी तळ ठोकत नाही. माझे वडील मोठ्या बहिणीकडे जायचे तर दुपारचं जेवण करून दिवस मावळायच्या आत परत. बहीण रडायची, तरी थांबायचे नाहीत. मी निदान दोन दिवस थांबलो याचंच मला कौतुक वाटत होतं.

घर रिकामं झालं की माणूस कामाला जुंपून घेतो. मी एका वर्णनावर आठवडा आठवडा घालवू लागलो. आधीच्या कुणी लिहिलं होतं, 'हे साधन पोर्ट फॉरवर्ड करते.' वा रे पठ्ठे. भाकरी म्हणजे काय, तर भाकरी. ते खोडून मी लिहिलं की हे साधन घरातल्या एका यंत्रापर्यंत बाहेरून येण्याची वाट उघडतं, ही वाट आपोआप बंद होत नाही, आणि मालकानं स्वतः सांगितल्याशिवाय ती उघडायची नाही. इंग्रजीत लिहायचो आणि मग मराठीत, कारण कंपनीची गिऱ्हाइकं आपल्याकडचीच, कॅमेरे बसवणारे दुकानदार, कृषी केंद्रवाले. ते एजंटशी मराठीतच बोलणार.

तिथं माझी फजिती झाली. शेलूबाजारात एक कॅमेऱ्याचा दुकानदार आहे, त्याला कंपनीनं एजंट वापरून पाहायला दिला होता. एक दिवस त्याचा फोन आला, आवाज चढलेला. मी दोन जीपा बदलून गेलो. झालं असं होतं की त्याच्या एका गिऱ्हाइकाच्या गोदामात कॅमेरा होता, त्याच्यासाठी बाहेरून वाट उघडलेली होती. काम संपल्यावर दुकानदार एजंटला म्हणाला, "त्या गोदामाचं लावून टाक." एजंटनं आज्ञा पाळली. होती ती वाट तशीच ठेवली आणि गोदामातल्या दुसऱ्या कॅमेऱ्याचीही उघडून दिली. दोन दिवस गोदाम सगळ्या जगाला उघडं. नशीब, कुणी फिरकलं नाही.

"मी लावून टाक म्हटलं न," दुकानदार म्हणाला. "दार लाव म्हटलं तं लहान लेकरूबी बंद करते."

"अन् पंखा लाव म्हटलं तं?"

"पंखा लाव म्हटलं तं चालू करते."

"मोटर लाव?"

"चालूच."

"कुलूप लाव?"

त्यानं चहा मागवला. दोघांनी चहा घेतला. वर्णनात मी लिहून ठेवलं होतं, 'लावणे म्हणजे वाट सुरू करणे', कारण टेलिफोन खात्यात आम्ही फोन लावायचो, लाइन लावायचो, आणि लावलं की पलीकडे घंटी वाजायची. दार मला आठवलंच नव्हतं. चूक माझी होती, पण परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी दुकानदारावरच चिडलेलो होतो. माझा स्वभावच तसा, चूक आपली असली की जास्त तिरसटतो.

घरी येऊन वर्णन नव्यानं मांडलं. 'लाव' हा शब्द आला तर एजंटनं आधी विचारायचं, उघडू की बंद करू. आणि शेवटी दोन ओळी घातल्या, त्या माझ्या मते आजवरच्या सगळ्यात चांगल्या होत्या. वाट उघडली असं सांगण्याआधी स्वतः बाहेरून येऊन पाहा. आणि उघडी ठेवलेली प्रत्येक वाट दर चोवीस तासांनी पुन्हा एकदा बाहेरून येऊन तपास. पुण्याहून निरोप आला, साहेब, हे फक्कड जमलं. मी तो निरोप घेऊन घरभर फिरलो. सांगायला कुणी नव्हतं. बायकोला फोन केला तर ती म्हणाली, "बरं झालं," आणि मागून दूध उतू गेल्याचा आवाज आला, तिनं फोन ठेवला.

त्याच आठवड्यात ती फोनवर सहज बोलून गेली, "मोगऱ्याले पानी टाकता न? एकदा दिसला असता तं बरं वाटलं असतं."

मला तेवढं पुरे होतं. दुसऱ्याच दिवशी ओसरीच्या खांबाला कॅमेरा बसवला. आवाज नसलेला, साधा, पण अंगण, मोगरा, तुळस, फाटक सगळं त्यात यायचं. तिला विचारलं, कधी पाहशील? "चार वाजता बाळ झोपते, तवा मी मोकळी रायतो." म्हणून बरोबर चार वाजता एजंटला सांगितलं, या कॅमेऱ्याची वाट उघड. उघडताना त्यानं मला शहाण्यासारखं दोनदा विचारलं. पासवर्ड घातला, तो तिला सांगितला. आणि माझ्या मोबाइलवर एक ओळ दिसायला लागली, 'चालू जोडण्या', पुढे आकडा. म्हणजे या क्षणी बाहेरून किती जण आलेले आहेत.

पहिल्या दिवशी चार वाजता आकडा आला, दोन. मी खुर्चीत बसून होतो. एक बायको, आणि दुसरी लेक असणार, आपल्या फोनवरून. बरं वाटलं. आठवडाभर दोन यायचा. मग एक यायला लागला. लेकीला ऑफिस असतं, तिला कुठला वेळ, मी मनाशी म्हटलं. एक मात्र रोज, चारच्या ठोक्याला.

त्या एकासाठी मी काय काय केलं, ते आता सांगताना कान गरम होतात. साडेतीनला दाढी, अंघोळ, धुतलेला शर्ट. भांग पाडायचो. उभ्या आयुष्यात कधी झाडू हातात घेतला नव्हता, तो घेऊन अंगण झाडायला लागलो, कारण ती असताना अंगणात पान पडू द्यायची नाही. सीताफळं आणली तर ताटात मांडून कॅमेऱ्यासमोर ठेवायचो. गोधडी तारेवर टाकली तर तिची चांगली बाजू ओसरीकडे करायचो. शेजारच्यांची गाय व्याली तेव्हा वासरू पाच मिनिटं उसनं आणलं, आणि शेजारीण कुंपणावरून बघत राहिली. बहुतेक त्यांच्या घरात त्या दिवशी माझ्यावर चर्चा झाली असेल.

आकडा फार वेळ टिकायचा नाही. अर्ध्या मिनिटात शून्य. बाळ उठलं असेल, मी म्हणायचो. लेकरं झोपतात ती झोपतात, उठतात ती उठतात. शून्य झाल्यावरही मी थोडा वेळ बसायचो, न जाणो पुन्हा डोकावली तर.

एकदा रामनवमीला कामानं वाशीमला गेलो होतो. सगळ्या जीपा पोहरादेवीच्या यात्रेला लागलेल्या, इकडे यायला एक नाही. शेवटी एका ओळखीच्याच्या मोटरसायकलवर मागे बसलो, फाट्यावर उतरलो आणि उन्हातून अक्षरशः पळत आलो. फाटक उघडलं तेव्हा चारला दोन मिनिटं कमी. शर्ट पाठीला चिकटलेला, केस विस्कटलेले. आकडा आला, एक. मी कॅमेऱ्याकडे बघून हात जोडले, की बाई, आजचा दिवस असंच चालवून घे. साठीला टेकलेला माणूस मी. पण त्या दिवशी फार सुखानं झोपलो, हेही खरं.

फोनवर या पाहण्याचा विषय तिनं काढला नाही आणि मीही काढला नाही. आम्ही तसलेच. लग्नापासून ती चहा ठेवत आली आणि मी पीत आलो, चांगला झाला असं मी कधी म्हटल्याचं आठवत नाही. तिनं पाहावं, मी दिसावं, इतक्यावर माझं भागत होतं. येण्याबद्दल ती बोलायची नाही. मला वाटायचं, रोज घर बघते म्हणजे घराची ओढ आहे, आज ना उद्या येईलच.

मग एका गुरुवारी संध्याकाळी तिचा फोन आला, पण लेकीच्या नंबरवरून.

"माह्या नंबरवर फोन करू नोका," ती म्हणाली. "सोमवारपासून दुकानात हाये. यानं बालदीत टाकला."

"यानं" म्हणजे नातवानं. मी हसलो, काहीतरी बोललो. फोन ठेवता ठेवता मी दिवस मोजले. सोमवार, मंगळवार, बुधवार, आणि आजही चार वाजता एक आला होता. मग म्हटलं, लेक या आठवड्यात घरी असेल, तिच्या फोनवरून पाहत असेल. लेकीला परत फोन लावला.

"आई कॅमेरा तुझ्या फोनवर पाहते का गं?"

"कोणता कॅमेरा, बाबा?"

मी म्हटलं, काही नाही, नेटवर्कचं बघत होतो.

कोण आलं, कुठून आलं, याची नोंद यंत्रात आपोआप होत असते. मी ती कधी उघडली नव्हती. दारात आलेल्या बायकोला कुणी ओळखपत्र मागतं का? त्या दिवशी उघडली. चार वाजता आलेल्याचं नाव तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं. तो माझाच एजंट होता. पुढे कारणही होतं, 'चोवीस तासांनंतरची तपासणी. वाट उघडी आहे.' आदल्या दिवशी तेच, त्याच्या आदल्या दिवशी तेच. मी खाली खाली सरकत गेलो. रामनवमीला तेच. वासराच्या दिवशी तेच. पार तळाला, पहिल्या आठवड्यात, त्याच्यासोबत हैदराबादचा एक फोन होता. मग तो बंद झाला आणि हा एकटा येत राहिला. वाट मी चार वाजता उघडली होती, म्हणून त्याचे चोवीस तास रोज चारलाच भरायचे. अर्धं मिनिट थांबून तो निघून जायचा, कारण खात्री करायला तेवढंच लागतं.

एजंटची काही चूक नव्हती. मी लिहिलं तसं तो वागला. आधी मला लाज वाटली, मग राग आला, कुणाचा ते कळेना. मग मी रडलो. आधी नाक शिंकरून सर्दी झाल्यासारखं केलं, पण घरात बघायला कोण होतं, म्हणून नीट रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, लेक ऑफिसला निघायच्या आत, लेकीच्या नंबरवर फोन केला. आईला दे म्हटलं.

"तू कॅमेरा पाहत नाईस," मी म्हणालो.

"कोनं सांगतलं?"

"मशीननं."

ती म्हणाली, "पयला आठवडा पाह्यला. रोज पाह्यला."

"मंग?"

"मंग काय. धुतलेला शर्ट घालून, भांग पाडून तुमी आपले खुर्चीत बसेल. मोगरा हिरवा. आंगन कसं झाडेल. मी घरी होती तवा तुमी कधी झाडू धरला नाई. म्हटलं, यांचं तं माह्याबिगर बेस चालू हाये. फोनवरबी तेच सांगत. मले पाह्यवलं नाई जी. मंग नाईच उघडलं."

"ते तुह्यासाठी होतं वं सगळं."

"मले काय मालूम."

तिचं बरोबर होतं, तिला काय माहीत. एका साधनाचं वर्णन करायला मी आठवडा आठवडा घालवला आणि बायकोला एक वाक्य धड सांगितलं नव्हतं. म्हणून मग सांगितलं. जसं येईल तसं सांगितलं. मले करमत नाई. दिवस दिवस तोंडातून शब्द निघत नाई, चहावाल्याशी दोन गोष्टी बोलाले स्टेशनाच्या वाटेवर दोनदा जातो. रातच्याले रेडिओ चालू ठेवून झोपतो. काहीच मस्त नाई. तू ये.

पलीकडे बाळ काहीतरी आपटत होतं. तिनं त्याला उचललं असावं, कारण आपटणं थांबलं.

"हे तुमी मागच्या दिवाईले म्हटलं असतं," ती म्हणाली, "तं मी पयल्या गाडीनं आली असती."

"अन् आता?"

"आता याले कोनाजवळ ठेवू? हा माह्या हातानंच जेवते. पोरगी सकायी जाते ते अंधार पडल्यावर येते." मग जरा हळू, "तुमीच या न इथं. तुमचं काम तं कुठूनबी होते म्हनता."

"कसं येऊ?" मी म्हणालो. "जावयाच्या घरी किती दिवस रायनार? बरं दिसते का ते?"

"मी राह्यलीच न दीड वर्स," ती म्हणाली. "मले कोनं इचारलं, बरं दिसते का म्हनून?"

कुणी विचारलं नव्हतं. मी तर नाहीच.